चार नारिंगी पट्टे

कवडूच्या ट्रकवरून कापसाची गाठ वाटेत कधी पडली नव्हती. म्हणून १९८३ च्या दिवाळीनंतर वर्ध्याच्या एका सरकारी गोदामातून वडनेरच्या सहकारी संस्थेत लोखंडी कंटेनर पोचवायचं काम त्याच्याकडे आलं. आत सरकीचं यंत्र होतं. मुंबईच्या गाडीनं तो डब्बा गोदामात उतरवला आणि तो बांधायचे चार रुंद नारिंगी पट्टे तिथंच सोडून ती परत गेली. पट्ट्यांना लोखंडी खटके होते. दांडा वरखाली केला की पट्टा आवळत जाई.

स्टोअरकीपर पुंडलिकरावांनी असली वस्तू आधी पाहिली नव्हती. कागदपत्रांत तिचा उल्लेख नव्हता, म्हणजे ती महागच असणार, असं त्यांनी ठरवलं. 'परदेशी पट्टे, चार नग' अशी साठावहीत नोंद करून त्यांनी पट्टे कपाटात ठेवले.

गाडी भरायच्या दिवशी कवडूनं ते मागितले. वापरानं पट्टे झिजतील आणि झिजले तर जबाब आपल्याला द्यावा लागेल, असं पुंडलिकरावांनी त्याला शांतपणे समजावलं.

"बाबूजी, हे पट्टे डब्बा बांधासाठीच आले नं?" कवडू म्हणाला.

"डब्बा संस्थेचा हाय. पट्टे स्टोअरचे हायेत."

तरी त्यांनी वरच्या कार्यालयाला विचारलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं: पट्टे आवश्यकतेनुसार वापरावेत, मात्र त्यांची झीज होऊ देऊ नये. पुंडलिकरावांनी ते तीनदा वाचलं. दोन्ही आज्ञा पाळायची एकच रीत त्यांना दिसली. कवडूनं डब्बा काथ्याच्या दोरानं बांधला आणि पट्टे चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन पुंडलिकराव स्वतः केबिनमध्ये बसले.

हिंगणघाट मागं पडल्यावर एका वळणावर म्हशी आडव्या आल्या. कवडूनं ब्रेक दाबला. डब्ब्याच्या धारेवर घासून घासून दोर अर्धा झालाच होता, तो तुटला. डब्बा सरकला आणि त्याचा एक कोपरा रस्त्यावर लोंबू लागला. कवडूनं उडी टाकून चाकांखाली दगड लावले आणि कापूस वेचून परतणाऱ्या बायांना लांब केलं. त्यांतली जयवंता त्याच्याच गावची. ती केबिनशी आली आणि मांडीवर काय आहे म्हणून तिनं विचारलं. पट्टे, असं पुंडलिकराव म्हणाले. कशाचे? डब्बा बांधायचे.

जयवंतानं लोंबणाऱ्या डब्ब्याकडं पाहिलं, मग मांडीवरच्या गाठोड्याकडं.

"मंग मांडीवर काऊन घेऊन बसले?"

पुंडलिकराव तिला आदेश पहिल्या ओळीपासून सांगू लागले. तिनं तो नीट ऐकून घेतला. तेवढ्यात कवडूनं दुसऱ्या दारातून गाठोडं ओढून नेलं. शेतातली माणसं धावून आली. जॅक लावून, बल्ल्यांनी रेटून त्यांनी तासाभरात डब्बा जागेवर आणला आणि कवडूनं चारही पट्टे आवळले. दिवस मावळायच्या आत डब्बा वडनेरला पोचला. यंत्राला ओरखडाही नव्हता. पुंडलिकराव मात्र वाटभर मागच्या खिडकीतून पट्ट्यांना लागलेली माती बघत होते.

त्यांनीच तक्रार केली. विनापरवानगी वापराबद्दल कवडूला नोटीस आली आणि चौकशीला वरच्या कार्यालयातले साहेब आले. कवडूनं घडलं ते सगळं सांगितलं. साहेबांनी साठावही उघडली. पट्टे कोणाला दिल्याची नोंद तीत नव्हती. म्हणजे पट्टे वापरलेच गेले नाहीत. म्हणजे डब्बा दोरानंच सुखरूप पोचला. नोटीस मागं घेतली गेली, कवडूला शाबासकीचं पत्र मिळालं, आणि अनुभव लक्षात घेता यापुढं सगळा जड माल काथ्याच्या दोरानंच बांधावा, असा हुकूम निघाला.

कवडूनं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि खूप हसला. मग त्याला लोंबणारा कोपरा आठवला आणि त्याखालून हटवलेल्या बाया आठवल्या. पुढच्या खेपेला त्यानं नागपूरच्या भंगारबाजारातून दोन जुने पट्टे आणून सीटमागं टाकले.

दोन वर्षांनी पुंडलिकरावांची चंद्रपूरला बदली झाली. घरचं सामान न्यायला कवडूचीच गाडी आली. गोदामाच्या शिपायानं हुकुमाप्रमाणं काथ्याचा दोर आणला. पुंडलिकरावांनी तो बाजूला ठेवायला लावला आणि कवडूजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुह्ये ते सीटमागचे पट्टे लावजो, बाप्पा. कपाटाले आरसा हाय."

कवडूनं सीट पुढं ओढली. त्यानं पट्टे काढले. शेवटचा खटका पुंडलिकरावांनी स्वतःच्या हातानं आवळला, आणि मग पुन्हा एकदा आवळला.