शेवटच्या ओळीची घाई

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बिजागरी कुरकुरते आणि बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते. पण मित्रांनो, माझे खरे दुखणे वेगळेच आहे. ते म्हणजे माझ्या बाई.

नवा होतो तेव्हा ऑफिसात माझ्या वेगाचे कोण कौतुक! पुढे नवे लॅपटॉप आले आणि मी या बाईंच्या गळ्यात पडलो. बाई रुग्णालयांसाठी प्रोग्राम लिहितात. हुशार आहेत, पण धीर औषधालाही नाही.

माझ्यात गिट नावाची सोय आहे. तिच्यात काम नोंदवले, की ते केव्हाही परत मिळते. पण काम निर्दोष झाल्याशिवाय नोंदवायचे नाही, हा बाईंचा हट्ट. गिटच्या आज्ञाही त्यांना पाठ नाहीत. अडले की त्या एआय मदतनिसाला विचारतात. तो बिचारा आज्ञांच्या तीन ओळी देतो, कारणे समजावतो. बाई शेवटचीच ओळ उचलतात. "खरं काम तीच करते," असे वर सांगतात. ऐकून माझे डोके तापते.

परवा तेच झाले. कोणत्या रुग्णाला कोणते औषध केव्हा द्यायचे, हे दाखवणारा प्रोग्राम बाईंनी नऊ दिवस खपून लिहिला होता. चार वाजता तो पाहायला मुख्य परिचारिका येणार होत्या. दोन वाजता बाईंनी मदतनिसाला विचारले, "सहकाऱ्यांच्या कामाची ताजी प्रत कशी घेऊ?" त्याने तीन ओळी दिल्या आणि खाली बजावले, "पहिली ओळ तुमचे काम बाजूला ठेवते. ती वगळली, तर तिसरी ओळ ते पुसून टाकेल."

बाईंनी तिसरी ओळ दिली. मी जरा रेंगाळलो, तर म्हणतात, "काय हे डबडं!" मग काय, आज्ञा म्हणजे आज्ञा. नऊ दिवस साफ.

"या लॅपटॉपनं सगळं घालवलं," बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

शेजारच्या टेबलावरचे काका वाकले. "अगं, इथे स्पष्ट लिहिलंय. वाचलंस का?"

बाईंनी आता ते वाचले. मग त्यांनी मदतनिसाला सगळे खरे सांगितले. तो म्हणाला, "न नोंदवलेले काम गिट सहसा परत देऊ शकत नाही. मात्र मध्ये कधी 'अ‍ॅड'ची, म्हणजे फाइली नोंदणीसाठी तयार ठेवण्याची, आज्ञा दिली असेल, तर तेव्हाच्या फाइली शोधता येतील." नऊपैकी चौथ्या दिवशी बाईंनी ती दिली होती. या वेळी बाईंनी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. चार दिवसांचे काम सापडले. पाच दिवसांचे गेले ते गेलेच.

बाईंनी फोन लावला. "सिस्टर, आज नका येऊ. काम अर्धंच उरलंय. नाही, मशीन बिघडलं नाही. सूचना मी वाचली नाही."

पलीकडून शांत आवाज आला, "बरं झालं, खरं सांगितलंत. पण आमच्याकडे औषधाच्या चिठ्ठीची शेवटचीच ओळ कुणी वाचली, तर मी पेशंटच्या घरच्यांना काय सांगू?"

बाईंनी फोन ठेवला. त्यांनी ते अर्धे काम आधी गिटमध्ये नोंदवले आणि पाचव्या दिवसाचे काम पुन्हा लिहायला घेतले.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण आम्हा यंत्रांना थांबून विचार करता येत नाही. तेवढे तुम्ही करत जा.