आठ फूट हसू

आमच्या स्टुडिओत एक बाई अठ्ठेचाळीस वर्षं मेलेली पडून आहे, आणि दर बारा वर्षांनी आम्ही तिच्यापायी तोच भुताचा सिनेमा पुन्हा काढतो. बाईचं नाव वत्सला माळकर, सिनेमाचं नाव ‘पाचवी पायरी’. यंदा तो पाचव्यांदा निघतोय. पेपरवाले येऊन विचारतात, साहेब, जुनंच का काढता, नवीन काही सुचत नाही का? आमचे मालक हर्षवर्धन इंगवले, म्हणजे मूळ मालकांचे नातू, ठेवणीतलं हसून सांगतात, “लोकांना ओळखीची भीती आवडते.” पेपरवाले ते लिहून घेतात आणि चहा पिऊन जातात.

खरं कारण जिना आहे. कथेत विहिरीत उतरणारा पाच पायऱ्यांचा जिना आहे आणि नायिका पाचव्या पायरीवर मरते. हा सेट मोडत नाही, करवत लावली तर करवत मोडते. सिनेमा झाला की काही वर्षं जिना पाच पायऱ्यांचा राहतो, मग सहावी येते, सातवी येते. मागच्या खेपेला तो भिंतीतून निघून कँटीनमध्ये आणि तिथून संकलनाच्या खोलीत उतरला होता. संकलक चार पायऱ्या खाली बसून काम करायचा. मरणाचा शॉट नव्याने घेतला की जिना परत पाचावर येतो, म्हणून सिनेमा काढावा लागतो.

शॉटच्या वेळी नवी नायिका पायरीवर आडवी होते. ‘ॲक्शन’ म्हटलं की तिच्या जागी वत्सलाबाई असते. हिरवी साडी, कपाळावर कुंकवाचा तिरका फराटा, वय चोवीस. पडद्यावर मात्र नवीच नायिका उमटते, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. युनिटला सवय झाली आहे. वत्सलाबाई डोळे मिटूनच विचारते, “काय ओ तिवले, झालं काय? उठू मी?”

तिवले म्हणजे मी.

“थांबा जरा, लाईट लावायलेत,” मी म्हणतो.

अठ्ठेचाळीस वर्षं मी हेच सांगतोय. तिसऱ्या खेपेच्या लेखकाला या दोन ओळी इतक्या आवडल्या की त्याने त्या संवादांत घातल्या. आता सगळ्यांना वाटतं, ते स्क्रिप्टमधलंच आहे.

आमच्याकडे एक रीत आहे. पडद्यावर माणूस मेला की ते मरण अंगाला चिकटू नये म्हणून त्याला तिथेच, त्याच कपड्यांत, कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावायचं आणि तेवढी फिल्म फिरवायची. आठ फूट पुरतात, जेमतेम पाच सेकंद. त्यानंतर मेलेलं माणूस उठतं, तोंड धुतं, घरी जाऊन जेवतं. तोवर मोठा कॅमेरा पुढच्या शॉटला हलवलेला असतो, म्हणून हा हसरा शॉट कंटिन्युइटीवाल्याने लहान कॅमेऱ्यावर घ्यायचा आणि वहीत लिहायचा. पहिल्या सिनेमाला कंटिन्युइटीवर मी होतो. मागच्या शॉटमध्ये पदर कुठल्या खांद्यावर होता, कप अर्धा भरलेला होता की रिकामा, हे लक्षात ठेवायचं काम. त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

आदल्या दिवशी मी वत्सलाबाईला लग्नाचं विचारलं होतं. तेही मेकअपच्या खोलीत, आणखी तीन बायका बसलेल्या असताना, म्हणजे माझी अक्कल बघा. ती हसली. दुष्टपणाने नाही हसली, आधी गालातल्या गालात आणि मग आवरेना म्हणून खुर्चीचा हात धरून. त्या तिघीही हसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाचव्या पायरीवर फार छान मेली, सगळे वाहवा करत जेवायला गेले, आणि लहान कॅमेरा घेऊन मी एकटा तिच्यासमोर उभा राहिलो. तिला हसायला सांगणं माझ्या जिवावर आलं. ते हसू मला पुन्हा बघायचं नव्हतं. मी कॅमेरा उघडलाच नाही. वहीत लिहिलं, ‘हसरा शॉट घेतला, आठ फूट’, आणि जेवायला गेलो.

पुढच्या सगळ्या नायिका हसल्या आणि घरी गेल्या. वत्सलाबाईच्या नावापुढे वहीत सगळं नीट होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. तिची आई रोज दुपारी डबा घेऊन गेटवर यायची. “शॉट चालू आहे, मावशी,” मी सांगायचो. नऊ वर्षं ती आली. डबा परत नेणं तिला अवघड वाटायचं म्हणून ती तो माझ्याकडे द्यायची. त्यातली भाकरी आणि पिठलं मी खाल्लं आहे. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा शॉट झाला, नवी नायिका हसली, गाडीत बसून निघून गेली, आणि जिना कमी झाला नाही. रविवारी सकाळी माझ्या घरात मोरीशेजारी एक पायरी आली. मी तिच्यावर बादली ठेवली. सोमवारी तीन होत्या. घर एकाच खोलीचं, त्यामुळे पायऱ्यांना जागा द्यायला भिंती आत सरकल्या. मंगळवारी कपाट उघडेना. बुधवारी सकाळी मी कॉटवरून पाय खाली सोडला तो स्टुडिओतल्या चौथ्या पायरीवर. अंगात बनियन, कवळी घरी वाटीत, आणि समोर अख्खं युनिट उभं.

“आलात काका? बरं झालं,” हर्षवर्धन म्हणाले. “जिना हलेना झालाय. वही काय म्हणते?”

“वहीत खोटं आहे.”

“कुणी लिहिलंय?”

“मीच. वत्सलाबाईंचा हसरा शॉट घेतलाच नव्हता.”

मेकअपमन खाली बघायला लागला. हर्षवर्धननी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

“मग घ्या की आता,” ते म्हणाले. “पाच सेकंदांचं तर काम.”

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कुणीतरी तो लहान कॅमेरा आणून माझ्या हातात दिला. आत आठ फूट फिल्म होती. ‘ॲक्शन’ कुणी म्हटलं नव्हतं, तरी माझ्या खालच्या, पाचव्या पायरीवर वत्सलाबाई पडली होती.

“काय ओ तिवले, झालं काय? कधीपास्नं पडलोय मी.”

“झालं,” मी म्हणालो. “आता हसा.”

तिने डोळे उघडले. बराच वेळ प्रयत्न केला. ओठ हलले, पण हसू काही येईना.

“गाल आखडून बसल्यात,” ती म्हणाली. “कायतरी सांगा की हसण्यासारखं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती ज्याला मनापासून हसली होती अशी एकच गोष्ट मला माहीत होती. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. आता चौऱ्याहत्तर वर्षांचा, बनियनवर, तोंडाचं बोळकं. जीव नकोसा होईल इतकी लाज वाटली. पण असंही वाटलं की आता ती नक्की हसेल, पोट धरून हसेल आणि एकदाची उठून घरी जाईल. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं.

“वत्सलाबाई,” मी म्हणालो, “माझ्याशी लग्न कराल काय?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग मेकअपमन हसला, मग हर्षवर्धन, मग सगळेच.

वत्सलाबाई हसली नाही. तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत नीट बघितलं, अजिबात घाई न करता.

“चालंल की,” ती म्हणाली.

पाच सेकंद केव्हाच उलटले होते, तरी फिल्म फिरत होती. तिने पदर सावरला आणि भिंतीकडे सरकून पायरीवर एक माणूस आडवा होईल एवढी जागा केली.