मगातलं तांबडं पाणी

मी एक जुना पत्र्याचा मग आहे. अंग पांढरं, काठ निळा, बुडाशी तीन ठिकाणी पोपडे उडालेले. एल्डोरेटच्या बाजारातून मला किमाइयोनं आणलं. आमच्या केनियातल्या या डोंगरात पाय फुटले की पोर धावतंच, आणि किमाइयो हा गावातल्या पोरींचा धावण्याचा मास्तर.

आधी घरची माणसं माझ्यातून चहा पीत. किमाइयोची लेक जेबिवोट पाच वर्षांची असताना गाईनं तिच्या तोंडावर लाथ मारली. नाकातलं रक्त त्यानं माझ्यातल्याच पाण्यानं धुतलं. सूज उतरली आणि सगळे विसरले. मीही विसरलो.

पुढे किमाइयोनं माझ्या आत, बुडापासून बोटभर उंचीवर खिळ्यानं रेघ ओढली. रेघेपर्यंतचं पाणी पोरीनं तोंडात धरायचं, टेकडीवरच्या झाडाला शिवून यायचं आणि पाणी परत माझ्यात ओतायचं. रेघ गाठली म्हणजे नाकानं श्वास घेतला. मला फार मान होता, मित्रांनो.

तोंड उघडं ठेवून धावली तर जेबिवोट सगळ्यांच्या पुढे असे. जिल्ह्याच्या संघाच्या निवडीआधी ती म्हणाली, "बाबा, नाकानं श्वास पुरत नाही हो मला."

"का? नाकाला कुलूप लागलंय?" पोरी हसल्या. "तोंड चहा प्यायला, धावायला नाक. पाणी आणलंस तर निवडीला चल, नाहीतर बस घरी गाई राखत."

ती गेली आणि सगळ्यांआधी परत आली. पाणी रेघेपर्यंत भरलं, पण ते तांबडं होतं. वाटेत तिनं चूळ टाकली होती आणि येताना चरातलं तांबड्या मातीचं पाणी तोंडात भरलं होतं. मला ते लपवायचं होतं. पण माझा तळ पांढरा.

"मास्तरची पोर, आणि चोर?" किमाइयो सगळ्यांसमोर म्हणाला.

"बाबा, मी..."

"बास!"

तिनं बूट काढून माझ्याशेजारी ठेवले. त्याच आठवड्यात ती नैवाशाला फुलांच्या मळ्यावर कामाला निघून गेली.

तीन वर्षांनी तिची आई तिला भेटून आली. "दवाखान्यात दाखवलं तिनं. नाकाचं हाड आतून वाकडं आहे, लहानपणीच्या मारानं. एका बाजूनं वारा जातच नाही म्हणे. गाईची लाथ आठवते का हो?"

किमाइयोनं मला रेघेपर्यंत भरलं, पाणी तोंडात घेतलं, बोटांनी नाक दाबलं आणि अंगणातून धावत सुटला. गोठ्यापाशीच पाणी फस्सकन बाहेर आलं. तो मटकन खाली बसला.

"सांगत होती गं ती मला," तो म्हणाला. "सांगत होती."

नाताळात जेबिवोट आली. बापानं जपून ठेवलेले बूट पुढे केले. तिनं ते हातात घेतले, धूळ झटकली आणि जागेवर ठेवले. "आता नको, बाबा," म्हणाली, आणि त्याच्यासाठी माझ्यात चहा ओतला. तो त्याच्या हातात तसाच निवला.

माझ्या रेघेत ती तांबडी माती अजून आहे. किमाइयो ती कुणाला घासू देत नाही. मित्रांनो, मला पाणी मोजता आलं, श्वास मोजता आला नाही. तुमच्याजवळ कुणी 'पुरत नाही' म्हणालं, तर हातातला मग बाजूला ठेवा आणि आधी त्याचं ऐका.