कमळाबाईंचं पाऊल

राजरत्न गमरेने दोन वर्षं खपून भुताचा गेम बनवला आणि त्याला एकही माणूस घाबरला नाही. हे दुःख सांगायचं तरी कुणाला? लोअर परळच्या एका कंपनीत तो दिवसभर दुसऱ्यांच्या ॲपमधल्या चुका शोधायचा आणि घरी येऊन स्वतःच्या चुका करत बसायचा. त्यातून हा गेम उभा राहिला होता. नाव 'तिसरा मजला'. रूप मुद्दाम पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या गेमसारखं ओबडधोबड ठेवलेलं. भिंती ठोकळ्यांच्या, भूत चार खोक्यांचं, आणि भुताच्या चेहऱ्यावर मोजून चार ठिपके. खेळणाऱ्याने एका अंधाऱ्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर भटकायचं, बंद दारं ढकलायची, पाच मेणबत्त्या शोधायच्या. मधेच पॅसेजच्या टोकाकडून पावलं वाजू लागतात. भुताने गाठलं की पडदा लाल, त्यावर 'तू मेलास', खेळ खलास.

चाळ अर्थातच त्याची स्वतःची, नायगावची. ती आता नव्हती. ती पाडून तिथल्या माणसांना टॉवरमध्ये घरं मिळाली, आणि कुणाला कितवा मजला हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. त्यामुळे ज्यांची दारं समोरासमोर होती त्यांच्यामध्ये आता सात-आठ मजले आले. राजरत्नने चाळ मनातल्या मनात मोजून, आठवून, वीट न वीट गेममध्ये परत बांधली आणि इंटरनेटवर फुकट ठेवली. पंधरा दिवसांत अकरा जणांनी उतरवून घेतली. त्यातल्या कुठल्यातरी परदेशातल्या एकाने लिहिलं, 'पॅसेज छान आहे.'

मग त्याच्या आईने, मायाने, चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. खाली लिहिलं, 'आमच्या राजने आपल्या चाळीचा गेम केला आहे. फुकट आहे.' शेवटच्या दोन शब्दांनी काम केलं. फुकट ते पौष्टिक हा आमच्याकडचा जुना नियम. दोन दिवसांत दीडशे जण तिसऱ्या मजल्यावर पोचले होते.

आणि पोचले ते घाबरायला नव्हे, आपापली खोली बघायला. भूत मागे लागलेलं असताना ही माणसं थांबून दारावरचे नंबर वाचत होती. ग्रुपवर तक्रारींचा पाऊस पडला. आमच्या दाराला हिरवा रंग होता, निळा का दिलास? आमची सायकल कुठे गेली? कुणी म्हणालं, माझ्या खोलीत मेणबत्ती ठेवलीस ती कुणाला विचारून? एका निवृत्त हवालदाराने पाच मेणबत्त्या शोधायच्या सोडून दीड तास सगळी दारं बंद करण्यात घालवला आणि वर राजरत्नला कळवलं की मजल्यावर शिस्त राहिलेली नाही.

राजरत्न हे वाचून कपाळाला हात लावून बसला होता. तेवढ्यात चाळ कमिटीचे सेक्रेटरी जगदीशकाका यांचा आवाज फोनवर आला. चाळ गेली तरी काकांचं सेक्रेटरीपद गेलं नव्हतं. ते काढून घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"राजरत्न, मी तुझ्या बारशाला जेवलोय, म्हणून सरळ विचारतो. ते भूत म्हणजे कमळाबाई ना?"

"नाय काका! कायतरी काय? त्याला तोंडच नाय. चार ठिपके आहेत."

"तोंड कोण बघतंय? पाऊल ऐक जरा तुझं तूच."

राजरत्नने हेडफोन लावले. थप्. सर्र. खुळ्ळ. उजवा पाय टेकतो, डावा ओढला जातो, मग किल्ल्यांचा जुडगा वाजतो. थप्. सर्र. खुळ्ळ. हा आवाज त्याने स्वतः केला होता. आईची चप्पल फरशीवर घासून, कपाटाच्या किल्ल्या हलवून, अंगावर काटा येईपर्यंत बदलत राहिला होता. काटा आला तेव्हा त्याला वाटलं होतं, ही आपली कला. कला कसली? ती कमळाबाईंची चाल होती.

कमळाबाई तांबे तिसऱ्या मजल्यावर बावन्न नंबरला राहायच्या. तरुणपणी गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात असताना बॉबिनची पेटी डाव्या पायावर पडली, तेव्हापासून तो पाय ओढायच्या. कमरेला जुडगा. त्यात गच्चीची किल्ली, पाण्याच्या टाकीची किल्ली, आणि गावाला गेलेल्या प्रत्येकाच्या खोलीची किल्ली. सामायिक नळ कुणी उघडा टाकला की त्या निघायच्या. त्या कामावर त्यांना कुणी नेमलं नव्हतं, आणि काढायची कुणाची छाती नव्हती. पोरं थप्-सर्र ऐकली की जिन्याखाली पळायची. त्यात राजरत्नही असायचा. मात्र माया हॉस्पिटलात आया होती, पाळ्या बदलत्या, त्यामुळे पळून दमलेला राजरत्न दुपारी जेवायलाही कमळाबाईंकडेच जायचा. पहिलीपासून दहावीपर्यंत. जिच्या हातचं दहा वर्षं खाल्लं तिला आपण भूत केलं, लोकांना मारायला लावलं, आणि वर फुकट वाटलं! 

काकांनी रविवारी अकरा वाजता टॉवरच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सभा बोलावली. सूचना रीतसर टाइप केलेली होती. विषय क्रमांक एक, भुताची ओळख पटवणे. विषय क्रमांक दोन, ओळख पटल्यास गेम कायमचा काढून टाकणे. विषय क्रमांक तीन, आयत्या वेळचे विषय. कमळाबाईंना कळवायचं नाही असं ठरलं होतं. त्या ग्रुपवर नव्हत्या, त्यांचा फोन साधा होता.

राजरत्न लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन गेला, आरोपीने पुरावा स्वतःच आणावा तसा. गेम काढायला लागला तर दोन वर्षं पाण्यात जाणार होती. पण खरं सांगायचं तर त्याचं त्याला तेवढं वाटत नव्हतं. गेम परत करता येतो. कमळाबाईंनी एकदा तोंड फिरवलं की परत फिरवत नाहीत, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं, आणि त्याला भीती होती ती त्याची.

हॉल भरला होता. काका म्हणाले, "सगळ्यांनी डोळे मिटा. आवाज ऐका. ओळखलं त्यांनी हात वर करा. कुणी कुणाला विचारायचं नाही. राजरत्न, लाव."

थप्. सर्र. खुळ्ळ.

हात वर करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. पहिल्याच खुळ्ळला निवृत्त हवालदारांनी तळहातावरची तंबाखू खिशात कोंबली. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी सांडलेलं काही नाही ना म्हणून पायाखाली बघितलं. बँकेत मॅनेजर झालेला एक जण खुर्चीखाली अर्धा वाकला. मागच्या बाजूला कुणीतरी उठून हॉलच्या बेसिनचा नळ घट्ट केला, तो बंदच होता तरी. आणि स्वतः जगदीशकाका, सभेचे अध्यक्ष, टेबलाच्या मागे सरकून उभे राहिले होते.

"ओळख पटली," काका टेबलामागूनच म्हणाले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? आता विषय दोन. ज्या बाईने या पोराला भरवलं..."

"लाव रे परत ते."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. दारात कमळाबाई उभ्या होत्या. शहात्तर वर्षांचं वय, अंगावर धुवट साडी, पायात डॉक्टरने दिलेल्या मऊ रबरी चपला. कमरेला जुडगा नव्हता.

"मावशी, तुम्ही कधी आलात?" काकांनी विचारलं.

"झाली पंधरा मिनटं. सगळे खाली निघालेले दिसले, मागनं आले. कुणाला कळलं नाय?"

खरोखरच कळलं नव्हतं. राजरत्न उठला. तो सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मावशी, मी भुताचा गेम केला. त्यातलं भूत तुमच्यासारखं चालतं. मला ठाऊक नव्हतं, आईशप्पथ. पण झालंय माझ्याकडूनच. तुम्ही म्हणाल तर आत्ता काढून टाकतो."

कमळाबाईंनी त्याच्याकडे बघितलं.  चालत लॅपटॉपपाशी गेल्या, खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला. "कुठलं बटण दाबायचं?"

अख्खी सभा खुर्चीमागे गोळा झाली. कमळाबाई आयुष्यात पहिल्यांदा गेम खेळत होत्या. बाणाच्या बटणांनी आधी भिंतीला धडकल्या, मग पॅसेजला लागल्या. बावन्न नंबरपाशी थांबल्या. "हां, बरोबर. उंबरा तुटका होता." मग नळापाशी गेल्या. तो उघडत होता. उघडला. पाण्याचा आवाज ऐकून खूश झाल्या आणि मेणबत्ती शोधायला तशाच पुढे गेल्या.

"मावशी, नळ," हवालदार कुजबुजले.

पण उशीर झाला होता. थप्. सर्र. खुळ्ळ. आवाज पॅसेजच्या टोकाकडून येत होता.

"कोण आलं?" कमळाबाईंनी राजरत्नचं मनगट पकडलं.

"तुम्हीच आलात, मावशी."

"अगो बाय! आता काय करू?"

"पळा!" सगळी सभा एका आवाजात ओरडली. या बाबतीत प्रत्येकाचा दांडगा अनुभव होता. "जिन्याखाली! डावीकडे!"

कमळाबाई उजवीकडे गेल्या. तिथे भिंत होती. चार ठिपके मोठे होत होत पडदाभर झाले, पडदा लाल झाला, 'तू मेलास' अशी अक्षरं आली. कमळाबाईंची नखं राजरत्नच्या मनगटात रुतली होती. दोन वर्षांनी त्याच्या गेमला एक माणूस घाबरला होता, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

 कमळाबाईंनी चष्मा काढला. "एवढी वाईट होते मी?"

 राजरत्न हळूच म्हणाला, "वाईट नाय मावशी. पण पळायचो आम्ही."

"हे मेलास काय लिवलंयस? कुणाला मारलं मी कधी? नळ बंद करून घ्यायचे, कान पिळायचे आणि विचारायचे, जेवलास का. विचारायचे की नाय?"

"विचारायचात."

"मग ते लिव. आणि उगाच कुणाच्या मागं पाठवू नकोस मला. नळ उघडा टाकेल त्याच्याच मागं. बाकीच्यांचा माझ्याशी काय संबंध?"

"म्हणजे गेम काढायचा नाही?" काकांनी विचारलं. सूचनेत टाइप केलेलं फुकट जाणार म्हणून त्यांचा आवाज जरा पडला होता.

कमळाबाईंनी चष्मा घडी करून ठेवला. मग म्हणाल्या, "जगदीश, तिथं निदान मला बघून लोक पळतात तरी. इथं चार महिने झाले, मी पॅसेजमधनं जाते येते, एक दार उघडत नाय. फरशी गुळगुळीत, पाय वाजत नाय. गच्चीची किल्ली वॉचमनकडं, टाकीची मशीनकडं. माझ्याकडं एक किल्ली, ती एकटी काय वाजणार? लिफ्टमध्ये लोक मोबाइलात बघतात. मला वाटायला लागलं होतं, मीच गेले की काय, आणि कुणी सांगितलं नाय."

हे ऐकून मायाने तोंडाला पदर लावला. बाकीचे आपापल्या चपलांकडे बघत राहिले, कारण चार महिन्यांत त्यांच्यातल्या कुणीच सतराव्या मजल्यावरचं ते दार वाजवलं नव्हतं, आणि राजरत्न तर त्याच मजल्यावर राहत होता. तिसरा मजला वीट न वीट आठवून बांधणाऱ्या या शहाण्याला सहा दारं ओलांडून जाणं जमलं नव्हतं. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली.

काकांनी इतिवृत्तात लिहिलं, 'भुतास सर्वानुमते मुदतवाढ देण्यात आली.' आयत्या वेळच्या विषयात कमळाबाईंनी राजरत्नच्या कानात काहीतरी सांगितलं. ते इतिवृत्तात आलं नाही.

गेमची नवी आवृत्ती गुरुवारी निघाली. त्या परदेशातल्या माणसाने लिहिलं की भूत आता जास्त भयानक झालंय, कारण ते पकडून जेवण विचारतं आणि का ते कळत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी राजरत्न दात घासत होता. नळ सोडलेला, ब्रश तोंडात, डोळे अर्धे मिटलेले. बाहेर पॅसेजमध्ये आवाज झाला. थप्. सर्र. खुळ्ळ.

त्याला सगळं माहीत होतं. शनिवारी तोच आपला जुना फोन घेऊन मावशींकडे गेला होता, तो आवाज त्यात भरून दिला होता, पुन्हा पुन्हा वाजत राहील असं करून, आणि फोन कमरेला कसा खोचायचा तेही दाखवलं होतं. तरी त्याच्या हाताने नळ बंद केला, आणि त्याच्या पायांनी लपायला जिना शोधला. सतराव्या मजल्यावर जिना लांब होता.

मग त्याने दार उघडलं. पॅसेजमधली बाकीची सगळी दारं उघडली होती. प्रत्येक दारात एकेक जण उभा होता, कुणाच्या हाताला साबण, कुणाच्या गालावर फेस. मधोमध कमळाबाई, कमरेला फोन, आवाज पूर्ण मोठा.

"कोणाचा नळ चालू होता?" त्यांनी विचारलं.

राजरत्नने ब्रश तोंडातून काढून हात वर केला. कमळाबाई त्याच्याकडे चालत आल्या, फोन थप्-सर्र वाजत राहिला, त्यांनी त्याचा कान धरला आणि विचारलं, "जेवलास का?"

सकाळचे आठ वाजले होते. तो नाही म्हणाला.