शिट्टी कुणी लपवली?

मी एक जुना प्रेशर कुकर आहे. पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, दांड्याचा स्क्रू ढिला झालेला. मित्रांनो, कारखान्यात पत्र्याच्या गोल चकतीला यंत्रानं दाबून माझं पोट घडवलं. नम्रताच्या लग्नात मी आहेरात आलो आणि तिच्याबरोबर वर्ध्याहून पुण्याला, कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये आलो. ती आणि तिचा नवरा सुदर्शन, दोघंही नोकरीला जातात. त्यामुळे सकाळचा वरणभात वर्षानुवर्षं माझ्या भरवशावर.

मला मात्र या घरात कुणाचा भरवसा वाटेनासा झाला. माझी शिट्टी नाहीशी होऊ लागली होती.

पहिली गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं, खरकट्याबरोबर कचऱ्यात गेली असेल. दुसरी आणली. तीही गेली. मग सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघू लागले. माझा संशय सुदर्शनच्या आईवर, कौशल्याबाईंवर होता. "पातेल्यातला भात मोकळा होते," असं त्या मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत. त्यांचा संशय भांडी घासायला येणाऱ्या सुंदराबाईंवर.

"काहून वो सुंदराबाई, शिट्टी दिसून नाही राहिली?"

"आजी, म्या शिट्टी नेऊन काय करू? चौकात उभी राहून ट्राफिक सोडू व्हय?"

"मंग जाताना पिशवी दाखवत जा."

नम्रता तिथंच होती. ती डबे भरत राहिली. दुसऱ्या दिवसापासून सुंदराबाई आल्याच नाहीत.

पाच वर्षांच्या पूर्वाचा संशय कुणालाच आला नाही. नम्रताची ही मुलगी फारसं बोलत नसे. हाक मारली तरी वळून बघत नसे. बाटल्यांची झाकणं ओळीत मांडत बसे आणि मी गॅसवर चढलो की पलंगाखाली शिरे. सोसायटीतल्या बायका तिला लाडावलेली म्हणत. "आई दिवसभर बाहेर, पोरीच्या हातात मोबाईल. बोलंन कशी?" असं कौशल्याबाई म्हणत, तेव्हा नम्रता खाली मान घालून भाजी चिरत राही. तिला स्वतःचाच संशय येत असावा.

तिसरी शिट्टी आली. नम्रता मला गॅसवर ठेवून कपडे वाळत घालायला गेली. माझ्या पोटात वाफ कोंडली, शिट्टी थरथरू लागली. तेवढ्यात पूर्वा स्टूल ओढत आली. एक तळवा कानावर घट्ट, दुसरा हात शिट्टीकडे. मित्रांनो, वाफ आवरणं मला जमत नाही. शिट्टी वाजली, पूर्वा किंचाळली. तिच्या बोटांची टोकं भाजली होती.

नम्रता धावत आली. गॅस बंद करून तिनं लेकीचा हात नळाखाली धरला. रडणं ओसरल्यावर पूर्वानं आईचं मनगट पकडून तिला बाल्कनीत नेलं आणि तिचा हात कोरफडीच्या कुंडीत, मातीत खुपसला. थोड्या वेळानं मातीनं माखलेल्या दोन शिट्ट्या माझ्या शेजारी ओट्यावर आल्या.

"पण पोरीनं पुरल्या काहून?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"तिला तो आवाज सोसत नाही, आई. आवाजच पुरला तिनं."

मग सदाशिव पेठेतल्या बालविकासतज्ज्ञांकडे फेऱ्या सुरू झाल्या. त्यांनी जे सांगितलं ते नम्रतानं याच ओट्यापाशी सासूला सांगितलं. पूर्वाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे. तिच्या मेंदूची वाढ वेगळ्या वाटेनं झाली आहे. ही सुरुवात बहुधा जन्माआधीच होते. आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असतो, पण बहुतेक मुलांत नेमकं एकच कारण सापडत नाही. आईची नोकरी, मोबाईल किंवा लस हे त्याचं कारण नाही. ते घालवणारं औषधही नाही. मात्र बोलायला शिकवणारे वाचोपचार, रोजची कामं शिकवणारे व्यवसायोपचार आणि घरच्यांची साथ लवकर मिळाली तर मूल पुष्कळ शिकतं.

कौशल्याबाईंनी फोनवरची एक जाहिरात पुढे केली. "हा वैद्य तर म्हणते, तीन महिन्यांत बरी करतो."

"ज्याला पूर्वाला एकदा बघावंसंही वाटत नाही, त्याचा संशय घ्या, आई. आजवर आपण भलत्याच माणसांचा घेतला."

आता मला गॅसवर ठेवण्याआधी नम्रता पूर्वाला कुकरचं चित्र दाखवते. पूर्वा कानांवर हेडफोन चढवून आतल्या खोलीत जाते. कधी कधी चित्र बघून ती "कुक" म्हणते. मला माझं नाव इतकं कधीच आवडलं नव्हतं.

नम्रता सुंदराबाईंच्या घरी जाऊन माफी मागून आली. त्या परत आल्या. पहिल्याच दिवशी जाताना त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात पिशवी उलटी केली. डबा, छत्री, औषधाची पट्टी फरशीवर पडली.

"अहो, नको ना," नम्रता म्हणाली.

"असू द्या, ताई. घरचा नियम हाय."

गुडघ्यांवर हात टेकत कौशल्याबाई खाली बसल्या आणि एकेक वस्तू उचलून स्वतःच्या हातानं पिशवीत भरू लागल्या. सुंदराबाई उभ्याच राहिल्या. त्यांनी मदत केली नाही.

मित्रांनो, माझं बूड करपलं तर घासून निघतं, रबर सैल झालं तर नवं मिळतं. माणसाच्या नावाला लागलेला डाग इतक्या सहज जात नाही. म्हणून कान झाकून पळणारं मूल दिसलं, तर त्याला हट्टी ठरवू नका. आधी आवाज कुठून येतोय ते बघा, आणि जमलं तर तो थोडा कमी करा.