धाकटा रिमोट

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बनूबाईंच्या लक्षात आलं की धाकटा घरात नाही.

धाकटा म्हणजे रिमोट. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, सावित्री नदीच्या काठावरच्या त्यांच्या घरात टीव्हीला दोन रिमोट होते. टीव्हीबरोबर आलेला लांबडा तो थोरला. पनवेलच्या मुलाने, दीपकने, सणाला येताना टीव्हीच्या पाठीत खुपसायची बोटभर स्टिक आणली होती. तिच्याबरोबर आलेला इवलासा काळा तो धाकटा. नेटवरचं जे काही, ते धाकट्यावर. बनूबाईंच्या यजमानांनी, कुशाबांनी, पहिल्याच दिवशी थोरल्याचं कुठलंसं बटण दाबून चित्र घालवलं, तेव्हा दीपकने वैतागून फर्मान काढलं, "आबा, धाकट्याच्या कामात थोरल्याला आणायचं नाय!" बनूबाईंनी लगेच थोरला पिशवीत गुंडाळून कपाटात टाकला. त्या घरात मुलाचा शब्द शेवटचा, त्यातून तो कुशाबांच्या विरुद्ध असला तर विचारायलाच नको.

धाकट्यासाठी घर पालथं घातलं. शेवटी कुशाबांना आठवलं. उत्तरपूजेला धाकटा त्यांच्या हातात होता. हात जोडायचे म्हणून त्यांनी तो शेजारच्या ताम्हनात ठेवला. त्यावर दूर्वा पडल्या, जास्वंदी पडल्या, आणि ते सगळं निर्माल्य त्यांनी स्वतःच्या हाताने मोठ्या भक्तिभावाने सावित्रीत सोडलं होतं.

"बाप्पानं नेला गो," कुशाबा म्हणाले.

"बाप्पा कशाला नेतोय? तुमी दिलात!"

एरवी बनूबाईंना टीव्हीचं वेड नव्हतं. पण रविवारी अंकिताची मॅच होती. अंकिता ही दीपकची मुलगी, कबड्डीत चढाई करणारी. मागच्या हंगामात तिचा गुडघा फिरला, ऑपरेशन झालं, आणि आता ती पहिल्यांदाच खेळायला उतरणार होती. सरावामुळे सणालाही आली नव्हती. फोनवर सगळे सांगत, "एकदम बरी हाय." आजारी माणसाबद्दल "एकदम बरं" म्हणणाऱ्यांवरचा बनूबाईंचा विश्वास कधीच उडाला होता. पोर लंगडते का, वाकताना तोंड वाकडं करते का, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आणि डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे मोबाइलवर माणूस काय आणि मुंगी काय, सारखंच. मोठा टीव्ही चालू होणं भाग होतं.

दीपकला विचारायचं तर रिमोट नदीत गेल्याचं सांगावं लागलं असतं. त्याला दोघांचीही तयारी नव्हती. तेव्हा शनिवारी नवरा-बायको एसटीने महाडला गेले. बाजारपेठेत अरसलान नावाच्या तरुणाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे भिंतभर रिमोट टांगलेले बघून कुशाबांना घेरीच यायची बाकी राहिली.

"कशाचा हवाय, मावशी?" अरसलानने विचारलं.

"धाकटा."

अरसलानने भिंतीवरच्या रिमोटांकडे पाहिलं. मग बनूबाईंनी त्याला घरची सगळी व्यवस्था समजावली.

"अच्छा, स्टिकचा. कंपनी कुठली?"

"काळी."

"रंग नाही, मावशी. कंपनी."

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुशाबांच्या मोबाइलमध्ये मखराचा एक फोटो निघाला, त्यात कोपऱ्यात धाकटा अर्धा दिसत होता. अरसलानने तो मोठा करून पाहिला, भिंतीवरचे दोन-तीन काढून ताडून बघितले आणि एक हातात दिला. "दिसायला हाच आहे. पण हे दिसण्यावर नसतं, तो स्टिकशी जोडला जायला हवा. नाही जमलं तर परत आणा. आणि एक करा, तुमचा टीव्ही नवा असेल तर टीव्हीच्याच रिमोटचे बाण दाबून बघा. पुष्कळ टीव्हींत त्याच्यावरही स्टिक चालते."

"ते आमच्यात चालत नाय," बनूबाई ठामपणे म्हणाल्या.

रविवारी दुपारी कुशाबांनी टीव्हीच्या कडेचं बटण दाबलं. पडदा उजळला, त्यावर चॅनेलांच्या चौकटी आल्या. आता नवा धाकटा. अरसलानने दाखवलं होतं तसं बटण दाबून धरलं. काही नाही. सेल काढून परत घातले. काही नाही. कुशाबांनी तो स्टिकच्या अगदी तोंडाजवळ नेला, वर "अंकिता! कबड्डी!" असं ओरडूनही पाहिलं.

"अवो, बहिरी नाय ती," बनूबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज रडवेला झाला होता. मॅच सुरू झाली असणार. तिकडे पोर खेळत असेल, पडत असेल, आणि आपण इथे नुसत्या चौकटींपुढे बसलोय. त्या ताडकन उठल्या, कपाट उघडलं, पिशवी फाडली आणि थोरला बाहेर काढला.

"दीपक काय म्हणाला होता?" कुशाबांनी धास्तावून विचारलं.

"दीपक तिकडं हाय."

त्यांनी उजवीकडचा बाण दाबला. पडद्यावरची उजळलेली चौकट एक घर पुढे हलली. पुन्हा दाबला, पुन्हा हलली. दीपकने स्पर्धेचा चॅनेल सणातच वर आणून ठेवला होता. त्यावर येऊन त्यांनी मधलं बटण दाबलं, आणि घरात एकदम शिट्टी आणि गलका घुसला. कुशाबांच्या तोंडून सुटकेचा एवढा मोठा निःश्वास निघाला की बनूबाईंना हसूच आलं.

अंकिता चढाईला निघाली होती. बनूबाई टीव्हीपासून हातभर अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या. पोर लंगडत नव्हती. वाकली, पाय टाकला, वळली, आणि समोरच्या मुलींनी तिला घेरलं. एकीने पाय धरला, तोच पाय. बाकीच्या वरून पडल्या. अंकिता दिसेनाशी झाली.

ढीग हळूहळू सुटला. खाली अंकिता पालथी पडलेली. मग तिने एक हात टेकला, गुडघा दुमडला आणि उठली. तोंडसुद्धा वाकडं न करता, पँट झटकत, चालत बाहेर गेली.

"बाद झाली गो," कुशाबा हळहळले.

"होऊंदे!" बनूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "उठली ना? बघितलात ना, कशी उठली ती?"