शेजाऱ्याची उलाढाल

वहिनींनी नोटीस तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा त्यांना वाटलं, ही दुसऱ्या कुणाची तरी चुकून आपल्याकडे आली. पण नाव त्यांचंच होतं. दुकान त्यांच्या नावावर, बँकेचं खातं त्यांच्या नावावर, मग नोटीस काय शेजारणीच्या नावावर येणार?

दुकान ते केवढं! फोटोंना चौकटी करून द्यायचं. पुढे वहिनींचं काउंटर, मागे पडद्याआड करवत, काच आणि मिस्त्री. मिस्त्री म्हणजे वहिनींचे यजमान. आणि नोटीस म्हणत होती की वर्षभरात तुमच्या खात्यात एवढे पैसे आले, म्हणजे तुमची विक्री नोंदणीच्या मर्यादेच्या दुप्पट झाली, तरी तुम्ही जीएसटीची नोंदणी केली नाहीत. आता कर, त्यावर व्याज आणि वर दंड, सगळं मिळून अमुक इतकं भरा. त्या अमुक इतक्यात अशी दोन दुकानं आली असती.

"अहो, आधी बाहेर या!" वहिनी ओरडल्या.

मिस्त्री भुसा झटकत बाहेर आले. त्यांनी नोटीस वाचली, मान खाली घातली आणि म्हणाले, "त्यांचीच काहीतरी चूक झाली असेल." एवढं बोलून पडद्याआड गेलेसुद्धा. आता काय म्हणावं या माणसाला! उद्या घराला आग लागली तरी हे आधी हातातल्या चौकटीचा कोपरा जुळवतील, मग पाण्याची बादली शोधतील. वहिनींनी कपाळावर हात मारला, पर्स उचलली आणि त्या करसल्लागार बाईंकडे निघाल्या.

बाईंचं ऑफिस जिन्याखालच्या खोलीत होतं. बाई वयानं लहान, पण बोलायला सडेतोड. त्यांनी वहिनींना वर्षभरात किती चौकटी गेल्या, काच किती, दुरुस्त्या किती, असं एकेक विचारलं आणि कॅल्क्युलेटर वहिनींकडे फिरवला.

"ही तुमची विक्री. मर्यादेच्या निम्मीसुद्धा नाही. एवढ्यावर तुम्हाला नोंदणी लागत नाही आणि करही लागत नाही."

"देवा!" वहिनींचा जीव भांड्यात पडला. "मग फाडून टाकू का ती नोटीस?"

"थांबा हो. कर विक्रीवर लागतो, पण जीएसटीच्या साहेबांना तुमची विक्री दिसत नाही, खातं दिसतं. खात्यात याच्या पाचपट पैसे आलेत. पाचातला एक भाग तुमचा. उरलेले चार कुणाचे?"

"ते होय!" वहिनी मोकळेपणानं हसल्या. "ते आमच्या रंगवाल्या भाऊंचे. शेजारीच रंगाचं दुकान आहे. त्यांच्या फोनचं काही खरं नाही, सारखा बिघडतो. मग त्यांची गिऱ्हाइकं आमच्या काउंटरवरचा कोड स्कॅन करतात. कोडशेजारचा आमचा डबा बोलतो, पैसे जमा झाले, की ते तिकडून रंग देतात. मी आठवड्यातून दोनदा बँकेत जाऊन रोख काढते आणि त्यांच्या हातात ठेवते. एक पैसा इकडचा तिकडे नाही!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं."

"वहिनी, दोन वर्षं कुणाचा फोन बिघडलेला असतो का?"

वहिनींचं हसू जागच्या जागी थिजलं.

"त्यांची विक्री तुमच्या खात्यात पडली, की त्यांच्या खात्यात कमी दिसते," बाई सावकाश म्हणाल्या. "कमी दिसली, की ते मर्यादेच्या आत राहतात. नोंदणी नाही, हिशेब नाही, कर नाही. फोन धडधाकट आहे हो. त्यांनी त्यांची उलाढाल तुमच्या गळ्यात मारली."

वहिनींच्या पायाखालची जमीनच सरकली. बँकेच्या रांगेत ताटकळत उभं राहून आपण या माणसाला नोटा आणून देत होतो! वर तो म्हणायचा, वहिनी, तुम्ही नसता तर माझं कसं झालं असतं. खरंच की, कसं झालं असतं! त्यांना भडभडून रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

"यातून सुटका आहे का?"

"आहे. ते पैसे रंगाचे होते असं रंगवाल्यानं लिहून द्यायला हवं. किंवा हा व्यवहार ज्याला आतून ठाऊक होता अशा कुणीतरी परवाच्या सुनावणीत साहेबांसमोर सांगायला हवं. नुसतं तुमचं म्हणणं पुरणार नाही. नोटीस तुम्हालाच आहे ना, तुम्ही असं म्हणणारच. कुणीच बोललं नाही, तर दुकान विकूनही भागायचं नाही."

वहिनी तडक रंगाच्या दुकानात शिरल्या. रंगवाला डब्यात निळा रंग ढवळत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कानांवर हात ठेवले.

"मी कधी घेतले पैसे, वहिनी? काही पुरावा आहे?"

"भाऊ! अहो, परवाच तर मोजून घेतलेत!"

"उगाच आवाज चढवू नका." त्यानं बाहेर एक नजर टाकली आणि स्वतःचा आवाज उतरवला. "आणि एवढंच वाटत असेल तर तुमच्या मिस्त्रीदादांना विचारा. कशासाठी चाललं होतं ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. नाहीतर त्यांना फुकट वॉर्निश काय मी तोंड बघून देत होतो?"

वहिनी तिथून आपल्या दुकानापर्यंत कशा आल्या, त्यांचं त्यांना कळलं नाही. त्यांनी पडदा बाजूला केला.

मिस्त्री पट्टीवर ब्रश फिरवत होते. वहिनींनी वॉर्निशच्या डब्यावर बोट ठेवलं.

"हा कितीला आणलात?"

मिस्त्रींचा ब्रश थांबला. बायकोच्या तोंडाकडे बघूनच ते काय ते समजले.

"तुला सांगणार होतो," ते म्हणाले.

"दोन वर्षं?"

"अगं, मला वाटलं, शेजारी आहे, आपलं काय जातंय... वॉर्निशचा खर्च वाचत होता."

"तुम्हाला ठाऊक होतं, तो कर चुकवतोय. आणि मी मूर्खासारखी बँकेच्या फेऱ्या मारत होते, तेव्हा तुम्ही मूग गिळून बसलात!"

"मी त्याला विचारलं होतं गं!" मिस्त्री घाईघाईनं म्हणाले. "पहिल्याच दिवशी विचारलं होतं, यात काही भानगड तर नाही ना होणार. तो म्हणाला, दादा, खातं वहिनींच्या नावावर आहे, तुम्हाला काही होणार नाही."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस आपण आज पहिल्यांदाच बघतोय असं त्यांना वाटलं.

"आणि मला?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी ब्रश खाली ठेवला. आपण काय बोलून गेलो ते त्यांना आत्ता कळलं असावं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"परवा साहेबांसमोर तुम्ही बोलायचं," वहिनी म्हणाल्या.

"मी? अगं, मग मलाही ते यात ओढतील... काय सांगू मी तिथे?"

"आत्ता मला जे सांगितलंत तेच."

"सगळं?"

"सगळं. तो तुम्हाला काय म्हणाला आणि ते ऐकून तुम्ही हो म्हणालात, तेही. शब्द न शब्द."

मिस्त्रींनी वॉर्निशच्या डब्याचं झाकण लावलं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "तू असशील तिथे?"

"असणार की," वहिनी म्हणाल्या. "खातं माझ्याच तर नावावर आहे."